जलमानव, एकाकी माता आणि जाम नदी

गेल्या काही वर्षांत इंग्रजीत अद्भुत प्रणयकथांचे जे उदंड पीक आले आहे, त्यात एक प्रकार आमच्या विशेष ध्यानात राहिला. पतीवाचून मूल वाढविणारी स्त्री आणि समुद्रातून मनुष्यरूप घेऊन वर येणारा सीलमानव यांच्या प्रेमाची ही कथा होय. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी आणि शेटलंड बेटे, आयर्लंडचा पश्चिम किनारा आणि फेरो बेटे येथील कोळ्यांच्या कल्पनेतून हा जलमानव जन्मला. त्याला तिकडे ‘सेल्की’ म्हणतात. पाण्यात तो सील असतो. कातडे उतरवून ठेवले म्हणजे माणूस होतो. आणि ते कातडे कोणी लपविले तर लपविणाऱ्याच्या घरी त्याला राहावे लागते. असल्या कथांना ‘करमणुकीचा माल’ म्हणून बाजूस सारण्याची आपल्या समीक्षेची रीत आहे. आम्हांस ती रीत मान्य नाही. माल हलका असेल. पण ज्या साच्यात तो ओतला गेला तो साचा हलका नाही, आणि तो आपल्याला परकाही नाही.

प्रथम मूळ कथेकडे पाहू. लोकांच्या तोंडी जी कथा अधिक आढळते तीत सेल्की ही स्त्री असते. कोळी तिचे कातडे चोरतो, तिच्याशी संसार थाटतो, मुले होतात. एके दिवशी कातडे सापडते आणि ती समुद्रात निघून जाते. फेरो बेटांतील मिकलाडालुर या गावी अशा सीलस्त्रीचा पुतळाही २०१४ साली उभारण्यात आला आहे. पण एकाकी मातेची कथा याच्या उलट दिशेने चालते, आणि तिचे मूळ शोधावयाचे तर शेटलंडमधील एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या व १८५२ मध्ये छापल्या गेलेल्या पोवाड्याकडे जावे लागते. चाइल्ड यांच्या प्रसिद्ध संग्रहात त्याचा क्रमांक ११३ आहे. त्यात एक अविवाहित आई तान्ह्याला जोजवीत बसली आहे. त्याचा बाप कोण, कुठला, हे तिला ठाऊक नाही. तोच तो बाप तिच्या पायथ्याशी येऊन उभा राहतो. आपण जमिनीवर माणूस आणि पाण्यात सील असल्याचे तो सांगतो, मूल सांभाळल्याची भरपाई म्हणून सोन्याची थैली तिच्यापुढे ठेवतो आणि मुलाला घेऊन जातो. जाताना भविष्यही सांगून जातो: तुझे लग्न एका नेमबाजाशी होईल, आणि त्याची पहिलीच गोळी मला व माझ्या लेकराला लागेल.

ही प्रेमकथा आहे काय? आहे, पण त्या प्रेमाचा हिशेब सोन्यात चुकता केलेला आहे. ज्याने तिला आई केले त्याला ती दाई वाटते, आणि दाईला वेतन द्यावे इतका तो व्यवहारी आहे. या पोवाड्याचा रचणारा कोणीही असो, एकट्या आईची खरी भीती त्याला कळली होती. मुलाचा बाप परत येणार नाही ही ती भीती नव्हे. तो येईल आणि येईल तो मूल मागण्यासाठी येईल, ही ती भीती होय.

आता आपल्याकडे वळू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंचाण्णवावे सूक्त अठरा ऋचांचे आहे. पुरूरवा आणि उर्वशी यांचा तो संवाद. शतपथ ब्राह्मणाने त्याला कथेची जोड दिली. उर्वशीने घातलेली अट, शय्येला बांधलेली मेंढरे, गंधर्वांनी केलेली त्यांची चोरी, विजेच्या उजेडात तिला दिसलेला विवस्त्र राजा, आणि मग कमळांच्या सरोवरात जलपक्ष्यांच्या रूपात पोहणाऱ्या अप्सरा. अप्सरा ही नावाप्रमाणेच पाण्याची. येथे कातड्याच्या जागी अट आहे एवढाच फरक. पण आमच्या मते या सूक्तातील सर्वांत मर्मभेदक भाग विरहाचा नाही. पुरूरवा जन्माला यावयाच्या मुलाविषयी विचारतो, आणि उर्वशी सांगते की तुझे जे माझ्यापाशी आहे ते मी तुझ्याकडे पाठवीन, तू घरी जा. शेटलंडच्या पोवाड्याचे हे तंतोतंत उलटे रूप आहे. तेथे पाण्यातील बाप मूल नेतो. येथे पाण्यातील आई मूल धाडून देते. दोन्हीकडे काठावरचे माणूस काठावरच राहते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात या संवादामागे एक भयंकर विधी असल्याचे प्रतिपादन केले: पुत्र झाल्यावर पुरुषाचा बळी देण्याचा. इतिहासाच्या दृष्टीने हे ग्राह्य असो वा नसो, वाङ्मयाच्या दृष्टीने त्यात एक सोय आहे. दोहोंतील प्रेमाला अंत का असलाच पाहिजे याचे एक कारण त्यामुळे मिळते. कालिदासाला मात्र ते कारण नको होते. ‘विक्रमोर्वशीय’ या नाटकात उर्वशी पुत्राचे मुख राजाने पाहिले की स्वर्गात परतणार आहे. म्हणून ती आयुला च्यवनाच्या आश्रमात ठेवते आणि पतीच्या सहवासासाठी मातृत्व लपविते. शेवटी नारद येतो, इंद्राची अनुज्ञा आणतो, आणि अट रद्द होते. आजच्या अद्भुत प्रणयकथा लिहिणाऱ्यांनी कालिदास वाचला असण्याचा संभव नाही. पण त्यांची युक्ती हीच आहे. तेथे सीलमानव आपले कातडे आपणहून त्या स्त्रीच्या हाती देतो, किंवा तिने ते परत केल्यावरही तिच्यापाशी राहतो. चोरी नाही, बंधन नाही, परतणे नाही. नीतीच्या दृष्टीने ही सुधारणाच होय, आणि तीबद्दल नाके मुरडणे आम्हांस शोभणार नाही. मात्र कथेच्या दृष्टीने तिची किंमत द्यावी लागते. ज्याला परतावेच लागत नाही तो पाण्याचा राहत नाही; तो केवळ ओल्या केसांचा देखणा तरुण होतो.

या कथा आणखी एका ठिकाणी कच्च्या राहतात, आणि तो दोष आम्हांस अधिक गंभीर वाटतो. त्यांतील मूल बहुधा समंजस असते. ते पाहुण्याला लगेच आपलेसे करते, त्याचे गुपित आईच्या आधी ओळखते आणि दोघांच्या मीलनाला हातभार लावते. नील जॉर्डन यांच्या २००९ सालच्या ‘ऑन्डिन’ या चित्रपटात पालक स्त्री नसून पुरुष आहे. पण जाळ्यात सापडलेल्या स्त्रीला सेल्की ठरविण्याचे काम तेथेही त्याची लहान मुलगीच करते, आणि तो चित्रपट निदान त्या मुलीच्या आजाराकडे डोळेझाक करीत नाही. इतरत्र मूल हे प्रणयाचे दूत होऊन बसते. ज्या शेटलंडी आईच्या मांडीवरून मूल उचलले गेले, तिच्या नातीने लिहिलेल्या गोष्टीत मुलाला काही भीतीच नसावी, हे आम्हांस पटत नाही.

आमच्या प्राचीन वाङ्मयात एकाकी माता आणि अमानुष प्रियकर यांची खरी जोडी आहे ती कुंती आणि सूर्य यांची. तेथे प्रणयाला जागाच नाही. मंत्राची परीक्षा पाहण्यात मुलगी आई होते, आणि पेटी पाण्यात सोडली जाते. अश्व नदीतून चर्मण्वती, मग यमुना, मग गंगा, असा त्या पेटीचा प्रवास महाभारताने सविस्तर दिला आहे. महाभारतकार एवढ्या नद्यांची नावे का देतात, हा प्रश्न आम्ही पुष्कळदा स्वतःस विचारला आहे. ज्या आईला मुलाचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार नाही, तिच्या मनात ती पेटी अजून वाहत आहे, म्हणूनच ना? याउलट छांदोग्योपनिषदातील जबाला. मुलाने गोत्र विचारले तेव्हा तिने खरे ते सांगितले आणि आपलेच नाव त्याला दिले. सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला बापाचे नाव न सांगता पालकत्व मिळू शकते असा निर्णय दिला तो २०१५ साली, आणि महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे अनिवार्य झाले ते २०२४ च्या मे महिन्यापासून. सत्यकामाला इतका काळ थांबावे लागले नाही. आपली भाषाही या स्त्रीला नाव देताना अडखळते: विधवा, परित्यक्ता, कुमारी माता. पुरुषाने काय केले वा काय केले नाही, एवढेच त्या शब्दांतून कळते.

हे सर्व आम्ही ज्या प्रदेशाकडे पाहून लिहीत आहोत त्या प्रदेशाला समुद्र नाही. पांढुर्णा आणि सौसर हे दोन मराठीभाषी तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाबरोबर न जाता मध्य प्रदेशात राहिले, आणि २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. येथील पाणी म्हणजे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीत जी गोटमार होते तिची वार्ता सर्व देशात जाते. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. दगडांचा वर्षाव होतो, शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. शेवटी झाड चंडीमातेच्या मंदिरात नेतात. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा सरकारी प्रयत्नही लोकांनी मनावर घेतला नाही. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाशी या प्रथेचा संबंध जोडणारेही आहेत. पण लोकांनी जिवंत ठेवली आहे ती दुसरीच कथा. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाऊ लागली; ती नदीच्या मध्यावर असताना दोन्ही काठांवरून दगड आले, आणि दोघेही पात्रातच संपली.

या कथेत अद्भुत काही नाही. तरी सेल्कीच्या कथेशी तिचे नाते आहे असे आम्ही म्हणतो ते एका कारणासाठी. सीलमानव समुद्राचा आणि स्त्री किनाऱ्याची, तसाच हा मुलगा एका काठाचा आणि ती मुलगी दुसऱ्या काठाची. कातडे येथे गाव आहे; ते उतरवता येत नाही. परंतु कथेने एक गोष्ट मोठ्या चतुराईने टाळली आहे. तिने दोघांनाही मारले. समजा, मुलगा एकटाच नदीत पडला असता आणि मुलगी परत सावरगावच्या काठाला लागली असती, पोटात त्याचे मूल घेऊन? तिचे काय करावयाचे, हे गावाला ठरवावे लागले असते. मेलेल्या मुलीच्या नावाने झेंडा रोवता येतो. जगलेल्या आईला घर द्यावे लागते, आणि तिच्या मुलाला शाळेत कोणत्या नावाने घालायचे ते सांगावे लागते. शेटलंडच्या पोवाड्याने, इतका क्रूर असूनही, त्या आईला जिवंत ठेवण्याचे धैर्य दाखविले. आमच्या कथेला ते झाले नाही.

आणि तशी एखादी स्त्री पाण्याच्या पुरुषाविषयी बोलू लागली असती तर तिला कोठे नेले असते, हेही या प्रदेशातील कोणीही सांगेल. सौसरनजीक जामसावळी येथे निद्रिस्त हनुमंताचे स्थान आहे. ‘बाधा’ झालेली माणसे दूरदूरहून तेथे आणली जातात. जे किनाऱ्यावर प्रणय म्हणून गायिले जाते ते आमच्याकडे लागीर म्हणून उतरविले जाते. यात श्रद्धेचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. अदृश्याशी जोडलेले स्त्रीचे नाते आमच्या समाजाला दुखणे म्हणूनच ऐकता येते, एवढेच आम्ही नोंदवीत आहोत. ज्या मराठी लेखकाला ही कथा लिहावयाची आहे त्याने येथून आरंभ करावा. परदेशी किनाऱ्यावरून नव्हे.

त्याला साहित्य अपुरे पडणार नाही. विहिरी-डोहांवरच्या साती आसरा या अप्सरांच्याच लेकी. बाळंतीण आणि तान्हे यांना त्यांची बाधा होते अशी समजूत आहे. पण आसरा स्त्रिया आहेत, आणि येथे हवा आहे पुरुष. तो कोकणच्या लोकसमजुतीत सापडतो: गिऱ्हा. पाण्यात बुडून मेलेल्या माणसाचे ते भूत. रात्री पाण्यात उतरणाऱ्याला ते झोंबते. त्याच्या डोक्याचा केस ज्याच्या हाती लागेल, आणि जो तो लपवून ठेवील, त्याचा गिऱ्हा चाकर होतो. सेल्कीचे कातडे आणि गिऱ्ह्याचा केस ही दोन्ही एकाच कल्पनेची अपत्ये आहेत, हे येथवर आलेल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. चुलत्या-मामांच्या गोष्टींत गिऱ्हा केवळ भिवविण्यासाठी येतो; त्याच्यापाशी प्रेमाचे बोलणे कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

जाम नदीत दगडांखाली गेलेला तो पांढुर्ण्याचा मुलगा लोकसमजुतीच्या न्यायाने गिऱ्हाच झाला असणार. सावरगावच्या काठावर त्याची प्रेयसी जगली असती, तिच्या मुलाला तीन वर्षे झाली असती, आणि पोळ्याच्या रात्री गाव निजल्यावर ती पाण्याशी गेली असती, तर तिच्या हाती एक केस लागला असता. तो तिने ठेवला असता की परत दिला असता, हे लेखकाने ठरवावयाचे. मुलाने तिला काय विचारले असते, हेही.