चौथी मिती ‘दिसली’ म्हणजे नक्की काय झालं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी फिरणाऱ्या टेसरॅक्टचं अ‍ॅनिमेशन लावलं होतं. छोटा घन, त्याच्याभोवती मोठा घन, कोपऱ्याला कोपरे जोडलेले. सगळे खूश. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “याला आठ घन असतात ना? दाखव बरं.” मी मोजले. सातच सापडले.

तेव्हापासून अशा प्रत्येक चित्राला मी एकच प्रश्न विचारतो: आधी माहीत नसलेली एखादी गोष्ट हे चित्र मला काढून देतं का? नुसतं “वा!” म्हणायला लावत असेल, तर ती करमणूक झाली. या कसोटीवर चार नेहमीच्या पद्धती तपासू. इथे चौथी मिती म्हणजे लांबी-रुंदी-उंचीसारखीच आणखी एक लंब दिशा. सापेक्षतेतला काळ नव्हे. तिथे अंतराच्या सूत्रात काळाचं चिन्ह उलटं असतं, त्यामुळे भूमितीच वेगळी होते.

१. उपमा. एडविन अ‍ॅबटचं ‘फ्लॅटलँड’ (1884) हे या पद्धतीचं मूळ पुस्तक. सपाट जगातल्या चौरसाला गोल कसा दिसेल यावरून आपण एक पायरी वर जायचं. सुरुवातीला हिला तोड नाही. पण उपमा अंदाज देते, पुरावा देत नाही. त्रिमितीत नियमित बहुफलक पाच आहेत. मग चार मितींत किती? उपमा इथे गप्प बसते. उत्तर आहे सहा, आणि पाच मितींपासून पुढे कायम तीनच. त्या सहांपैकी 24 अष्टफलकांनी बनलेल्या आकृतीला तर त्रिमितीत जोडीदारच नाही. जो फक्त उपमेवर विसंबला, त्याला ती कधीच भेटणार नाही.

२. सावली. घनात घन हे चित्र म्हणजे सावली, गणिताच्या भाषेत प्रक्षेप. 1980 साली ‘कॉसमॉस’मध्ये कार्ल सेगन यांनी हीच सावली हातात धरून दाखवली होती, आणि ‘ही सावली आहे’ हे स्पष्ट सांगितलंही होतं. आजचे बरेच व्हिडिओ नेमकं तेवढंच वाक्य गाळतात. मग बघणाऱ्याला वाटतं की आतला घन खरंच छोटा आहे आणि फिरताना आकृती आतून-बाहेर उलटते. प्रत्यक्षात 32 च्या 32 कडा समान असतात आणि कुठलीच ताणली जात नाही. आपण भिंतीवर सावली पाडून हात फिरवला तर बोटं लहान-मोठी होतात, तसंच हे. माझी चूकही इथेच होती. आतला एक, भोवतीचे पिरॅमिड छाटल्यासारखे दिसणारे सहा, आणि सगळ्यांना वेढणारा बाहेरचा मोठा घन हा आठवा. तो मला ‘चौकट’ वाटला म्हणून मोजलाच नाही.

सावलीतून कोण कोणाला जोडलंय हे कळतं. अंतर आणि कोन मात्र तिला विचारू नका. एकक बाजूच्या टेसरॅक्टचा मुख्य कर्ण बरोबर 2 असतो, म्हणजे केंद्रापासून प्रत्येक कोपरा एका बाजूइतकाच लांब. चित्र बघून कोणी हे सांगेल का?

३. रंग. तीन मिती कागदावर आणि चौथा निर्देशांक रंगाने. ही पद्धत दिसायला साधी आहे, पण कामाची आहे. दोरीची गाठ घ्या. जिथे एक पदर दुसऱ्याला अडवतो तिथे एका पदराचा रंग हळूहळू निळ्याचा लाल करा. आता दोन्ही पदर एका जागी आले तरी रंग वेगळा, म्हणजे टक्कर नाही. पदर पार गेला, गाठ सुटली! चार मितींत बंद दोरीची प्रत्येक गाठ सुटते, आणि हा युक्तिवाद जवळजवळ पूर्ण सिद्धताच आहे. मर्यादा एवढीच की ‘उंची’ला ‘लाल’मध्ये फिरवून दाखवता येत नाही.

४. छेद. माझं मत इथे. कपड्याच्या साबणाचा एक घन कापून घ्या आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे, मुख्य कर्णाला लंब असे काप काढा. आधी त्रिकोण, मग कोपरे छाटलेला त्रिकोण, बरोबर मध्यावर नियमित षटकोन. टेसरॅक्टसाठी हेच करताना चार निर्देशांकांची बेरीज 0 पासून 4 पर्यंत वाढवत न्या. बिंदू, वाढता चतुष्फलक, कोपरे छाटलेला चतुष्फलक, आणि बेरीज 2 झाली की नियमित अष्टफलक. मग उलटा प्रवास. ताळा करा: बेरीज 0, 1, 2, 3, 4 असलेले शिरोबिंदू 1, 4, 6, 4, 1, एकूण 16. मधले सहा हेच अष्टफलकाचे कोपरे. आणि त्याची आठ पृष्ठं? आठ घनांपैकी प्रत्येकाचा एक त्रिकोणी काप! सेमिनारमध्ये न सापडलेला आठवा घन इथे लपूच शकत नाही.

पण दिशा चुकली तर छेदही मुका. पृष्ठघनाला समांतर कापलं तर एक घन अचानक येतो, काही वेळ तसाच राहतो आणि जातो. शिकलो काय? काही नाही.

छेदाची ताकद अ‍ॅलिसिया बूल स्टॉट यांच्या कामात दिसते. जॉर्ज बूल यांची ही मुलगी विद्यापीठात शिकलेली नव्हती. ‘टेसरॅक्ट’ हा शब्द देणाऱ्या हिंटन यांच्या रंगीत ठोकळ्यांशी खेळत तिने सुरुवात केली आणि पुढे नियमित चतुर्मितीय आकृत्यांचे छेद काढून त्यांची पुठ्ठ्याची मॉडेल्स बनवली. 1914 मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. तिला चौथी मिती ‘दिसत’ होती का, हा वाद घालण्यात अर्थ नाही. तिचे छेद बरोबर होते, हे महत्त्वाचं.

संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांना म्हणून एकच सांगणं. “मला डोळ्यांसमोर येत नाही” म्हणून घाबरू नका, आणि “मला दिसलं” म्हणून थांबूही नका. चित्र बंद करा आणि वहीत सांगा: बेरीज दीड असताना छेदाला किती पृष्ठं, कुठल्या आकाराची? उत्तर आलं, तर तुम्हाला दिसतंय.