गरम पाण्याचे पुस्तक : एक परीक्षण

मराठीत कवितासंग्रहांची परीक्षणे येतात, कादंबऱ्यांची येतात, दिवाळी अंकांची तर अंक हाती पडायच्या आधीच येतात. पण ज्या वाङ्मयावाचून घरातली आंघोळ अडते, त्याची दखल एकही समीक्षक घेत नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून, आमच्या घरी आलेल्या हीट पंपाबरोबर मिळालेल्या ३६ पानी पुस्तिकेचा परामर्श घेत आहे. पुस्तक विकत घेऊन वाचले आहे. किंबहुना इतके महाग पुस्तक मी आयुष्यात दुसरे घेतलेले नाही. सोबत २०० लिटरची टाकी मिळाली, एवढेच.

आधी शीर्षक. ‘हीट पंप’ हे नाव वाचकाची चक्क दिशाभूल करते. शेजारचे काकाजी दोन दिवस हा पंप विहिरीतले पाणी गच्चीवर कधी चढवतो याची वाट पाहत होते. वास्तविक हा पाणी उपसत नाही, उष्णता उपसतो. फ्रीज आतली उष्णता काढून पाठीमागून स्वयंपाकघरात सोडतो; हा बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून टाकीतल्या पाण्यात सोडतो. उलटा फ्रीजच म्हणा ना! विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ही कल्पना १८५२ सालीच मांडली होती. आमच्या वर्ध्याच्या हवेत उष्णता कमी आहे, असे तर शत्रूही म्हणणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. दैवदुर्विलास असा की, तेव्हा नळालाच चटका देणारे पाणी येते आणि गरम पाणी मागणारा माणूस घरात औषधालाही सापडत नाही. ग्रंथाची खरी कसोटी पौष-माघातच लागते.

आता कथानक. गीझर ही नाट्यछटा आहे. १५ लिटर पाणी, दोन किलोवॅटची कॉइल, वीस-बावीस मिनिटांत पडदा. हीट पंप ही कादंबरी आहे. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला सुमारे सात युनिट उष्णता लागते. त्यातली साडेचार-पाच युनिटं तो हवेतून फुकट आणतो आणि मीटरवर दोन-अडीचच पडतात. पण त्यासाठी तीन-चार तास घेतो. आता आपल्या घरांचा संस्कार काय? आंघोळ झाली की बटन बंद. ‘गीझर बंद केला का?’ हा प्रश्न आपण वर्धा स्टेशनात गाडी हलल्यावरसुद्धा विचारतो. यंत्र बसवायला आलेल्या पोराने एका वाक्यात जे सांगितले, ते पुस्तिकेला ३६ पानांत जमलेले नाही : “काकाजी, याले घाई चालत नाही, अन् याले बंद करत जाऊ नका नं!”

आमच्या घरातली ज्येष्ठ समीक्षक म्हणजे आई. वय ८४. ती कुठल्याही यंत्राची तुलना तांब्याच्या बंबाशी करते आणि निकाल नेहमी बंबाच्या बाजूने लागतो. पऱ्हाट्या घातल्या, राख सारली, पाणी उकळले. त्यात समजण्यासारखे काय आहे? धूर डोळ्यांत जायचा हे तिला आठवत नाही. १९३४ साली निघालेल्या ग्रामोद्योग संघाची मंडळी याच गावी, मगनवाडीत, बिनधुराच्या ‘मगन चुली’मागे लागली होती, ती काही हौस म्हणून नव्हे. उष्णता वाया घालवू नये, हा विचार वर्ध्याला नवा नाही. त्याला डिजिटल पडदा तेवढा नवा आहे.

ग्रंथातला मोठा दोष असा की, लेखकाने खरा संघर्षच दडवून ठेवला आहे. ‘तापमान निवडा’ म्हणून तो मोकळा होतो. अहो, पण निवडायचे कसे? वीजबिल म्हणते, ४५ ठेवा. पाणी जितके जास्त तापवाल तितका पंपाला दम लागतो. अंगाला तर ४० अंश पुरतात. पण साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू सुखाने वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्याने बळी घेतले, तेव्हा कुठे तो जगाला कळला. पाण्याच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसांत शिरतो आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त छळतो. त्याला मारायला ६० अंश हवेत. आणि ६० अंशांचे पाणी म्हातारीच्या कातडीला काही सेकंदांत भाजते. एका बाजूला जंतू, दुसऱ्या बाजूला कातडी, मध्ये वीजबिल! एवढा नाट्यमय पेच हाती असून लेखकाने त्याचा तक्ता केला.

खलनायकही त्याने पान ३१ वर, बारीक टायपात लपवला आहे. त्याचे नाव ‘डिफरन्शियल’. पाणी किती अंश निवल्यावर पंपाने पुन्हा जागे व्हायचे, ते हा ठरवतो. तो १० वर असला की तुम्ही ५० अंश लावले तरी पाणी ४० वर येईपर्यंत स्वारी झोपलेली. पहाटे पाचला आंघोळीला बसणाऱ्या म्हातारीच्या वाट्याला नेमके तेच येते. विसण घालायला जागाच नाही.

वीज जाणे ही घटना लेखकाच्या देशात घडत नसावी. आमच्याकडे वीज गेली की या यंत्राचे घड्याळ १२ वर जाऊन बसते. म्हणजे यंत्राचे अक्षरशः बारा वाजतात आणि पहाटेसाठी लावलेला टायमर भलत्याच वेळी कामाला लागतो.

तरीही प्रत जपून ठेवावी अशी शिफारस करतो, ती मलपृष्ठासाठी. तिथे आमच्या हिने पेन्सिलीने लिहिले आहे : ‘रोज ५०. फरक ५. थंडीत दुपारी १ ते ४ चालवणे, हवा ऊन असते. पहाटे ३ ला थोडे पुन्हा. रविवारी रात्री कॉइल लावून ६०, सोमवारी आईंना पाणी मी काढून देईन. बादलीत थंड आधी, गरम मागून. दोन तांबे गरमला एक थंड. लाइट गेली की घड्याळ बघणे.’

सगळी आठ वाक्ये. विशेषण नाही, तक्ता नाही, आणि मुख्य म्हणजे कोण माणूस किती वाजता आंघोळीला बसणार आहे, याचे लेखिकेला पुरते भान आहे. आईने हे वाचलेले नाही. पण परवा पहाटे न्हाणीघरातून तिचे स्तोत्र शेवटपर्यंत ऐकू आले, मध्ये कुठे हुडहुडी न भरता. समीक्षेच्या भाषेत याला रसिकमान्यता म्हणतात.