रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र माहितीपत्रक काढलेले आहे. धाराशिवचेही, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचेही, आहे. किती स्त्रियांना रक्तक्षय आहे, किती बाळंतपणे दवाखान्यात होतात, किती घरांत शुद्ध इंधनावर स्वयंपाक होतो, असे शंभरावर निर्देशांक त्यात आहेत. नवऱ्याची मारहाण सोसलेल्या स्त्रिया किती, हा रकाना मात्र नाही. राज्याच्या पत्रकात तो आहे. विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के आणि देशात सुमारे २९ टक्के आढळले. मग जिल्ह्याच्या पत्रकातून हा आकडा गळला कसा?

आधी या सर्वेक्षणाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत, वयाच्या पंधराव्या वर्षानंतर कोणी मारहाण किंवा शारीरिक छळ केला का, असे ढोबळपणे विचारले होते. २१ टक्के स्त्रियांनी होकार दिला. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत एकेक कृती वेगळी करून विचारली : ढकलले का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, लाथ मारली का. आता होकार ३४ टक्क्यांवर गेला. दोन्ही वेळी विचारलेल्या स्त्रियांचा गट अगदी एकच नव्हता, हे खरे. तरीही सात वर्षांत मारहाण दीडपट झाली, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. 'एक थप्पड म्हणजे काही मारहाण नव्हे' असे मानणारी स्त्री पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणेल आणि दुसऱ्याला 'हो'. मोजपट्टी बदलली की माप बदलते.

हे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारतात. एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. घरातील इतरांना विषय कळला, तर उत्तर देणारीवरच संकट यायचे. अशी काळजी घ्यायची तर वेळ आणि प्रशिक्षित माणसे लागतात. म्हणून पाचव्या फेरीत एकूण सुमारे ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, पण हे प्रश्न सुमारे ६४ हजार जणींनाच विचारले गेले.

आता गणित करून पाहू. हा भाग सुमारे १५ टक्के घरांपुरता होता. एका जिल्ह्यात नऊशेच्या आसपास घरे निवडली असे धरले, तर या प्रश्नांच्या वाट्याला शंभर-सव्वाशे स्त्रिया येतात. त्यांतल्या शंभर विवाहितांपैकी २५ जणी 'हो' म्हणाल्या, तर खरे प्रमाण साधारण १७ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. इतका सैल आकडा छापण्यापेक्षा न छापणे हा प्रामाणिकपणाच होय. त्यासाठी संशोधकांना दोष देता येणार नाही.

आमची तक्रार त्यापुढची आहे. मोठा नमुना घेतला असता तर आकडा मिळाला असता. तो घ्यावा असे कोणाला वाटले नाही. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवचा समावेश झाला. तेव्हापासून जिल्ह्याची प्रगती निर्देशांकांवर मोजली जाते. त्या निर्देशांकांतही हा विषय नाही. परंड्याची पेरणी कोणी राज्याच्या सरासरी पावसावर ठरवत नाही, कारण त्या सरासरीत कोकणही असते. पावसासाठी आपण महसूल मंडळागणिक पर्जन्यमापक बसवले आहेत. मारहाणीच्या बाबतीत मात्र आठ तालुक्यांचा हा अख्खा जिल्हा राज्याच्या सरासरीत मिसळून जातो.

दुसरा आक्षेप आरोग्याबाबत आहे. या प्रश्नावलीत मारहाणीचे परिणाम म्हणून प्रामुख्याने इजा विचारल्या जातात : खरचटणे, मुरगळणे, भाजणे, हाड मोडणे. पण बरेचसे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांत नैराश्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळते आणि कमी वजनाचे मूल होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी अधिक असते. पोटावरच्या माराने वार गर्भाशयापासून सुटू शकते, हा सरळ मार्ग झाला. सततची भीती, तुटपुंजा आहार आणि दवाखान्यात जाण्यास मनाई हे आडमार्ग. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठामपणे सांगता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नीट शोधले तर काय हाती लागते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९९३ ते १९९५ या काळात ग्रामीण पश्चिम महाराष्ट्रातील ४०० खेड्यांत १२१ मातामृत्यूंचा अभ्यास झाला. १९९८ मध्ये गणात्रा, कोयाजी आणि राव यांनी तो प्रसिद्ध केला. केवळ रुग्णालयाच्या नोंदींवर न विसंबता अनेक मार्गांनी मृत्यू शोधले होते. गरोदरपणातील मृत्यूंच्या कारणांत कौटुंबिक हिंसा दुसऱ्या क्रमांकावर निघाली. प्रसूतिशास्त्राच्या नेहमीच्या यादीत हे कारण शोधूनही सापडले नसते.

रुग्णालयानेच विचारायला सुरुवात केली तर? वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने २००० साली 'दिलासा' केंद्र उभे केले ते याच विचाराने. त्याची गरज किती, हे पाचवी फेरीच सांगते : हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. 'पाय घसरून पडले' असे सांगणाऱ्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात एकांतात दोन प्रश्न विचारले गेले, तर या ७७ पैकी काही जणी तरी बोलत्या होतील.

नववी-दहावीच्या वर्गात सरासरी आणि नमुना शिकवताना जिल्ह्याचे हे पत्रक फळ्यावर जरूर मांडावे. मुलांना त्यांच्या घरातले मात्र विचारू नये. जी दक्षता सर्वेक्षणाने पाळली तीच आपणही पाळावी. पत्रकात काय आहे, हे मुले वाचतीलच. काय नाही आणि का नाही, हे त्यांना शोधायला लावावे.