प्रतिशब्द आणि लक्षण : वऱ्हाडातील इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी एक विचार

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणारा बहुसंख्य विद्यार्थी मराठीतून शिकून आलेला असतो. इंग्रजी व्याकरण, छंद आणि साहित्यशास्त्र यांच्या संज्ञा त्याला प्रथम भेटतात त्या मराठी प्रतिशब्दांच्या आधाराने. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, मेटाफर म्हणजे रूपक, आयर्नी म्हणजे वक्रोक्ती, अशी समीकरणे परीक्षोपयोगी पुस्तिकांतून सर्रास दिली जातात आणि पाठ केली जातात. प्रतिशब्द हा विद्यार्थ्याला संज्ञेच्या दारापर्यंत आणून सोडतो, हा त्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रतिशब्दालाच लक्षणाचे स्थान दिले म्हणजे काय होते, याची चिकित्सा व्हावयास हवी.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. नव्या शिक्षणाला क्रमिक पुस्तक हवे होते आणि ती निकड दादोबांनी समर्थपणे भागविली. मात्र संज्ञा संस्कृतच्या, मांडणी इंग्रजीची आणि भाषा मराठी, असा तिहेरी संकर त्या काळापासून आपल्या व्याकरणविचारात रुजला. मोरो केशव दामले यांचे 1911 मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, अरविंद मंगरूळकर यांचे 1964 मधील ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ आणि कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांचे 1987 मधील ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ या ग्रंथांनी व्याकरणाची मूलगामी चर्चा केली. तिचा प्रकाश इंग्रजीच्या वर्गात मात्र फारसा पोचलेला दिसत नाही.

प्रथम कर्मणी प्रयोगाचे उदाहरण घेऊ. ‘रामाने वही फाडली’ या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून प्रयोग कर्मणी. परंतु हे वाक्य इंग्रजीच्या अर्थाने पॅसिव्ह नव्हे. इंग्रजीत पॅसिव्ह रचना केली असता कर्म उद्देश्याच्या जागी येते व कर्ता गौण होतो. मराठी वाक्यात कर्त्याचे प्राधान्य अबाधित राहते. ‘रामाने आपली वही फाडली’ असे म्हटले तर ‘आपली’ हा शब्द रामाकडेच बोट दाखवितो. शिवाय मराठीत काळ बदलला की प्रयोगही बदलतो : ‘राम वही फाडील’ हे वाक्य कर्तरी झाले. इंग्रजीत भूत, वर्तमान, भविष्य यांपैकी कोणत्याही काळात वक्ता इच्छेप्रमाणे दोहोंपैकी एक रचना निवडू शकतो. तेव्हा एका भाषेत जे काळाच्या रूपाबरोबर आपोआप येते, ते दुसरीत वक्त्याच्या निवडीवर अवलंबून असते. पॅसिव्हला खरोखर जवळची मराठी रचना म्हणजे ‘रामाकडून वही फाडली गेली’ ही होय. आपल्या शालेय व्याकरणांनी तिला ‘नवीन कर्मणी’ असे नाव दिले आहे. त्यातील ‘नवीन’ हे विशेषणच पुरेसे बोलके आहे.

येथे वऱ्हाडच्या विद्यार्थ्याचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. प्रमाण मराठीत ‘मी भाकर खातो’ आणि ‘मी भाकर खाल्ली’ या दोन्ही वाक्यांत कर्त्याचे रूप ‘मी’ असेच राहते. त्यामुळे रचनेतील भेद डोळ्यांआड होतो. वऱ्हाडी बोलीत ‘मी भाकर खातो’, पण ‘म्या भाकर खाल्ली’. कोणी ‘मीनं’ असेही म्हणतो. यादवकालीन मराठीत ‘मी’ आणि ‘मियां’ ही रूपे अशीच निराळी होती, आणि त्या काळच्या मराठी गद्याचे एक पीठ रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातच आहे. म्हणजे जो भेद इंग्रजीच्या वर्गात समजावून द्यावयाचा, तो या विद्यार्थ्याच्या जिभेवर आधीच आहे. असे असता ‘म्या’ हे रूप अशुद्ध म्हणून खोडले जाते आणि त्याच्या जागी एक सदोष समीकरण पाठ करविले जाते. विद्यार्थ्याची हानी येथे दुहेरी आहे : इंग्रजी रचना उमगत नाही, आणि स्वतःच्या बोलीविषयी अकारण लाज मात्र उत्पन्न होते.

दुसरे उदाहरण छंदाचे. आयॅम्बिक चरण शिकविताना लघु-गुरूच्या खुणा वापरण्याचा प्रघात आहे. खुणा त्याच असल्यामुळे विद्यार्थी स्वराची लांबी मोजू लागतो. ‘सिटी’, ‘पिटी’, ‘बिझी’ हे शब्द देवनागरीत लिहिले की त्यांचा क्रम लघु-गुरू असा दिसतो. इंग्रजी उच्चारात आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणजे क्रम नेमका उलट. शेवटची वेलांटी दीर्घ झाली ती मराठी शुद्धलेखनाच्या नियमामुळे. इंग्रजी छंदाशी तिचा संबंध नाही. वास्तविक पद्यरचनेची तत्त्वे एकाहून अधिक असू शकतात, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याला नवी नाही. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात छंद, जाति आणि वृत्त असे तीन वर्ग केले. अक्षरसंख्या, मात्रा आणि लघु-गुरूंचा क्रम ही त्यांची अनुक्रमे गमके होत. ओवी आणि भुजंगप्रयात एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे ज्याला कळते त्याला आघात हे इंग्रजीचे चौथे माप आहे असे सांगितले, तर ते कठीण जाऊ नये.

तिसरे उदाहरण अलंकारांचे. ‘फुटलेली पऱ्हाटी म्हणजे शेतकऱ्याचे चांदणे’ यात उपमेय आणि उपमान दोन्ही उक्त असून त्यांचा अभेद सांगितला आहे, हे रूपक. ‘यंदा वावरात चांदणे फुटलेच नाही’ येथे उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. मम्मटाच्या मताने हा अतिशयोक्तीचा पहिला प्रकार. इंग्रजीत दोन्ही मेटाफरच. उलट हायपर्बोलीला आपण अतिशयोक्ती म्हणतो, तेव्हा त्या संज्ञेचा हा सूक्ष्म भाग हरवतो. वक्रोक्तीची गत याहून वाईट. मम्मटाकडे ती श्लेषाने किंवा काकूने दुसऱ्याच्या बोलण्याचा भलता अर्थ लावणे एवढीच आहे, तर कुंतकाकडे ती काव्याचे जीवित ठरते. आयर्नी या दोहोंपैकी कशातही नीट बसत नाही; तिचा एक अंश व्याजस्तुतीत, एक उपरोधात सापडतो, आणि नाट्यगत आयर्नीला जुन्या अलंकारशास्त्रात स्वतंत्र नावच नाही.

संज्ञा कशी शिकवावी याचा एक चांगला दाखला अमरावतीतच आहे. येथेच 1932 मध्ये जन्मलेल्या सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. मतला, काफिया, रदीफ, अलामत या संज्ञांना त्यांनी संस्कृत प्रतिशब्दांची वस्त्रे चढविली नाहीत. संज्ञा परकी राहू दिली, तिचे कार्य मात्र मराठी शब्दांवर चालवून दाखविले. काफिया म्हणजे यमक एवढेच सांगितले असते, तर त्याआधीच्या स्वराचे बंधन, म्हणजे अलामत, नवशिक्याच्या ध्यानात आले नसते. गझल रचू इच्छिणाऱ्यासाठी जे त्यांनी केले, ते इंग्रजी कविता वाचू इच्छिणाऱ्यासाठी कोणी केलेले नाही.

यावर असा आक्षेप येईल की, पदवीच्या विद्यार्थ्याला मम्मट आणि कुंतक यांचा भार कशाला? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु रूपक, वक्रोक्ती, कर्मणी हे शब्द वापरले की तो भार न सांगता येतोच. तो उघड करणे अधिक प्रामाणिक. प्रत्येक संज्ञेसाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत : इंग्रजी संज्ञेचे साध्या मराठीत लक्षण, विद्यार्थ्याच्या बोलण्यातील एक उदाहरण, आणि प्रतिशब्द जेथे साथ सोडतो त्या जागेचा स्पष्ट निर्देश. यांपैकी तिसरी गोष्ट आजच्या पुस्तिकांत बहुधा आढळत नाही. इंग्रजी आणि मराठी या दोन्ही विभागांतील अध्यापकांनी एकत्र बसून पन्नास-साठ संज्ञांचा असा कोश सिद्ध केला आणि त्यातील उदाहरणे पाचही जिल्ह्यांच्या बोलींतून घेतली, तर अमरावती विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्याला ‘म्या’ म्हणणे सोडल्यावाचून इंग्रजी व्याकरण समजेल.