‘ये’ म्हणणारी, ‘थांब’ न म्हणणारी गझल

ब्रेकअपच्या प्लेलिस्टमध्ये साधारण दोन प्रकारची गाणी असतात. काहींत सोडून गेलेल्याला शिव्याशाप असतात, काहींत त्याने परत यावं म्हणून विनवण्या. ‘रंजिश ही सही’ वरवर दुसऱ्या प्रकारात बसते. म्हणून हल्ली ती ऐकवली की कुणीतरी विचारतंच, ‘एवढं काय गयावया करायचं? सेल्फ-रिस्पेक्ट आहे की नाही?’

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. एकतर्फी प्रेमातून पाठलाग करणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो. ‘नाही’ ऐकूच न येणाऱ्या प्रियकराला आपल्या सिनेमाने वर्षानुवर्षं हीरो केलंय. मग गेलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा ‘ये’ म्हणणारं गाणं आपण डोळे मिटून का ऐकावं? माझं म्हणणं असं, की ही गझल नेमकं काय मागते ते आधी बघावं.

अहमद फराज यांची ही गझल. प्रत्येक शेर ‘आ’, म्हणजे ‘ये’, या शब्दावर संपतो. रदीफ, काफिया हे शब्द सुरेश भटांमुळे आपल्याला परके नाहीत. इथे रदीफच हाक आहे, त्यामुळे कवीला दर शेरात येण्याचं नवं कारण शोधावं लागतं. ती कारणं बघा. मन दुखवायला ये. मला पुन्हा सोडून जायला ये. पूर्वीचं नातं नसेल, तर जगाची रीत म्हणून ये. विरहाचं कारण कुणाकुणाला सांगत बसू, निदान लोकांसाठी ये. माझ्या प्रेमाच्या अभिमानाची थोडी लाज राख, कधीतरी तूही माझी समजूत काढायला ये. रडण्यातलं सुखही बऱ्याच काळात मिळालेलं नाही, रडवायला ये. आणि शेवटी, वेड्या मनाला अजून तुझ्याकडून आशा आहे, ते उरलेले दिवेही विझवायला ये.

यात कुठेही ‘राहा’ नाही. धमकी नाही, उपकारांची आठवण नाही, ‘तुझ्याशिवाय मरेन’ नाही. समोरच्याचं जाणं पहिल्याच शेरात मान्य करून टाकलंय. मागणी एवढीच, की जायचं ते समोर येऊन जा. म्हणून ही गझल मला लाचार वाटत नाही. मेसेजवर ब्लू टिक येते, उत्तर येत नाही, मग एक दिवस डीपी दिसेनासा होतो: असं नातं संपलेल्यांना निरोपाची ही मागणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

चालीनेही हाच तोल सांभाळलाय. १९७२च्या ‘मोहब्बत’ या पाकिस्तानी चित्रपटासाठी संगीतकार निसार बझ्मी यांनी ती यमनमध्ये बांधली. बझ्मी मूळचे आपल्या खानदेशातले. मुंबईत संगीतकार म्हणून काम केल्यावर १९६२मध्ये ते पाकिस्तानात गेले. यमन म्हणजे संध्याकाळचा, गाणं शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला भेटणारा राग. मध्यम तीव्र, बाकी सगळे स्वर शुद्ध. ज्या कोमल स्वरांवर विरहगीतं हमखास गळा काढतात, ते इथे नाहीतच. त्यामुळे शब्द कोसळत असताना सूर मात्र ताठ उभा राहतो. मेहदी हसन ‘आ’ म्हणतात तेव्हा त्यात हुंदका नसतो. दार उघडं ठेवून बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाचा तो आवाज आहे.

आता एक तक्रार, तीही खुद्द मेहदी हसन यांच्याबद्दल. मैफलींत ते शेवटी आणखी दोन शेर गात. ते फराज यांचे नाहीत, तालिब बागपती यांचे आहेत. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. वृत्त, रदीफ आणि काफिया जुळले की दुसऱ्याचा शेर त्यात सहज सामावतो, सांधा दिसतही नाही. त्यातल्या एका शेरात कवी म्हणतो, न येण्याचे बहाणे तुला जसे येतात, तसंच एखाद्या दिवशी न जाण्यासाठी ये.

शेर गोड आहे, शब्दांचा खेळही चपखल. पण अख्ख्या गझलेने जे कटाक्षाने टाळलं, ते इथे एका फटक्यात मागून टाकलंय: थांब. फराज दिवे विझवायला बोलावतात आणि हा शेर पुन्हा पेटवतो. गायकाला तो का हवासा वाटला असेल ते मला कळतं. मैफल अंधारात संपवणं अवघड असतं, आणि ऐकणाऱ्यालाही घरी जाताना थोडी आशा हवी असते. तरी हा शेर आला की मला गझल एक पायरी खाली उतरल्यासारखी वाटते. सोडून जाण्याचा समोरच्याचा हक्क तोपर्यंत शाबूत होता. आता त्यावर हळूच हात ठेवला जातो.

अली सेठी यांनी २०१७मध्ये कोक स्टुडिओत ती गायली आणि आपल्या वयाच्या अनेकांपर्यंत ती पोहोचली. तिथून सुरुवात केली असेल तर आता मेहदी हसन यांची एखादी लांब मैफल ऐका. दिवे विझवण्याच्या शेरापाशी क्षणभर पॉज करा. फराज यांनी गझल तिथेच संपवली होती. पुढचं ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.