गोंदणाची वेदना : धरणारा हात आणि दाबणारा हात

लोकसंस्कृतीवरच्या मराठी लेखनात गोंदणाचा विषय निघाला की बहुधा नक्षीची यादी येते. तुळस, लक्ष्मीची पावले, विंचू, चूल, कपाळावरची चंद्रकोर, हनुवटीवरचा ठिपका. कोणत्या नक्षीचा अर्थ काय, तिचे कोणत्या देवतेशी नाते, हे येते. मेल्यावर बरोबर येणारा एवढा एकच दागिना, ही समजूतही हमखास येते. या लेखनाचे मोल मला कमी करायचे नाही. ते झाले नसते तर बरीच नक्षी त्या त्या हातांबरोबर जळून गेली असती. पण एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. नक्षी उमटेपर्यंत सुई शेकडो वेळा कातडीत शिरते. ते दुखणे या लेखनात कुठे आहे? माझ्या वाचनातल्या बहुतेक लेखांत ते एका वाक्यात उरकलेले असते : गोंदताना गाणी म्हणत, त्यामुळे वेदना जाणवत नसे.

हे एक वाक्य तपासून पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी स्वतःही हे वाक्य पूर्वी लिहिले आहे. त्याला आधार होता माझ्या आजीचा. तिच्या दोन्ही हातांवर गोंदण होते. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी नवव्या वर्षी गोंदणारीण आली, ओसरीवर बसली, काजळात बुडवलेल्या सुयांच्या जुडीने तिने दुपारभर हात गोंदले आणि शेवटी वरून हळद लावली. 'दुखलं नाही?' असे विचारले की आजी दर वेळी एकच उत्तर द्यायची, 'काकीनं मांडीवर घेतलं व्हतं की.' प्रश्न दुखण्याचा, उत्तर मांडीचे. गोंदणारीण गात होती, माहेरच्या माणसांची नावे गाण्यात गुंफत होती, हेही ती सांगायची. मला हे उत्तर फार आवडले होते. वेदना एकटीने सोसायची नसते, ती वाटून घेता येते, असा त्याचा अर्थ मी लावला.

या अर्थाला शास्त्राचाही दुजोरा मिळतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे आणि वेदनेचे संदेश मज्जारज्जूपाशी जणू एकाच दारातून जाऊ पाहतात. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेला वाट कमी मिळते. लागलेल्या जागी आपण नकळत चोळतो ते यामुळेच. २००६ मध्ये जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसण्याची धास्ती दाखवून त्यांच्या मेंदूतल्या हालचाली तपासल्या. नवऱ्याने हात धरला असता ती धास्ती सर्वांत कमी दिसली. अनोळखी माणसाच्या हाताचा उपयोग त्याहून कमी झाला, आणि संसार जितका समाधानाचा तितका नवऱ्याच्या हाताचा गुण अधिक, असेही आढळले. काकीची मांडी आणि गोंदणारणीचे गाणे यांना अशी जागा मिळाली, म्हणून मी निश्चिंत होते.

ही निश्चिंती आधी साहित्याने मोडली. जुनिचिरो तानिझाकी यांची 'शिसेई' ही कथा १९१० सालची. शिसेई म्हणजे गोंदण. एदोतला गोंदणकार सेइकिची याला गिऱ्हाइकांच्या कण्हण्यातच सुख मिळते. मनाजोगी कातडी शोधताना त्याला एक मुलगी सापडते. डच वैद्याकडून मिळवलेल्या औषधाने तो तिला बेशुद्ध करतो आणि तिच्या पाठीवर प्रचंड कोळी गोंदतो. म्हणजे पुरुषांच्या वेदनेवर जगणाऱ्या या माणसाच्या सर्वोत्तम कामात वेदना नाहीच. ती येते नंतर, रंग खुलावा म्हणून गरम पाण्यात उतरावे लागते तेव्हा. या कथेविषयी बोलताना सौंदर्य आणि क्रौर्य यांच्या मीलनावर भर दिला जातो. मला त्याहून मोलाची वाटते एक लहान कृती. न्हाणीतून बाहेर येताना तडफडणारी ती मुलगी सेइकिचीचा सांत्वनाचा हात झिडकारते. आपल्याला या अवस्थेत पाहू नको, असे बजावते. ज्याने न विचारता सुई चालवली त्याचा हात तिला सोबतीला नको आहे. कथेतली सत्ता कोळ्यामुळे उलटते असे म्हणतात. माझ्या मते ती या झिडकारण्यात उलटते.

दुसरी कथा काफ्काची. १९१४ मध्ये लिहिलेल्या आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दंडवसाहतीत' या कथेत एक यंत्र कैद्याच्या अंगावर त्याने मोडलेला नियम बारा तास कोरत राहते. सहाव्या तासाच्या सुमारास कैद्याला आपल्या जखमांमधून तो नियम वाचता येतो आणि त्याचा चेहरा उजळतो, असे यंत्र सांभाळणारा अधिकारी भक्तिभावाने सांगतो. हे सगळे आपल्याला फक्त तोच सांगतो. पुढे तो स्वतः यंत्राखाली झोपतो, यंत्र बिघडते, त्याला भोसकून मारते, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या उजळण्याची खूणही दिसत नाही.

काफ्का वाचून संपला तेव्हा मला माझेच वाक्य आठवले. 'गाण्यामुळे वेदना जाणवत नसे' हे कोण सांगत होते? गोंदणारीण, घरातली वडीलधारी माणसे आणि मी. सुईखालच्या मुलीला कोणी विचारले होते?

आजी गेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीला मी विचारले. दोघींना एकाच दुपारी गोंदले होते. ही तेव्हा सात वर्षांची. मांडीची गोष्ट सांगताच ती म्हणाली, 'तिला धरलं व्हतं. मला दाबलं व्हतं.' गाणे तिला आठवत होते, पण ते आपले ओरडणे शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून म्हणत असावेत, असे तिचे मत. एकच ओसरी, एकच काकी, एकच गाणे. एका बहिणीला सोबत मिळाली, दुसरीला सुटायला वाट मिळाली नाही.

म्हणून सामूहिक सोसण्याचे सरसकट गोडवे गाणेही खोटे ठरते. सामोआ बेटांवर पुरुषांच्या कंबरेपासून गुडघ्यांपर्यंत 'पेआ' नावाचे गोंदण दातेरी अवजारावर काठी ठोकत करतात. मदतनीस कातडी ताणून धरतात, नातलग भोवती बसून गातात, आणि पूर्वीपासून दोघा तरुणांना जोडीने गोंदण्याची रीत आहे. सोबतीची याहून भक्कम व्यवस्था मला माहीत नाही. पण तिथेच अर्धवट सोडलेले गोंदण जन्मभराची लाज समजली जाते. धीर देणारे वर्तुळ उठूनही जाऊ देत नाही. दाबायला हातच लागतो असे नाही.

गेल्या वर्षी माझी भाची पुण्यात मनगटावर टॅटू काढून घ्यायला निघाली. 'मावशी, तू चल. हात धरायला कोणीतरी हवं.' बधिर करणारे मलम लावले होते, कानात तिची गाणी होती, तरी तिने माझी बोटे घट्ट आवळली. दोनदा ती म्हणाली, 'थांबा.' दोन्ही वेळा यंत्र थांबले. तिने पाणी प्यायले, मान हलवली, मग पुन्हा सुरू झाले. मलम, गाणे, मावशी हे सगळे कामाला आलेच. पण तिचा चेहरा सैल झाला तो पहिल्यांदा यंत्र थांबले तेव्हा. आपण म्हटले की थांबते, हे कळल्यावर दुसरा टप्पा तिने बराच लांबवर सोसला. आजीच्या बहिणीला नाकारले गेले होते ते हे.

तेव्हा गोंदणावरच्या लेखनाकडे माझी मागणी साधी आहे. गाणी म्हणत, एवढ्यावर थांबू नये. कोणी धरले, आणि सोड म्हटल्यावर सोडले का, हेही विचारावे.

आणि एक कबुली. आजीच्या बहिणीच्या हातावरची तुळस मी बरीच वर्षे आधी वहीत उतरवून घेतली होती. तिची उजवीकडची एक फांदी मध्येच वाकडी होऊन खाली घसरली होती. गोंदणारणीची चूक समजून मी ती वहीत सरळ केली. त्या दिवशी बोलताना तिने स्वतःच त्या फांदीवर बोट ठेवले आणि म्हणाली, 'हितं मी हात ओढला.' घरी येऊन मी फांदी पुन्हा काढली, होती तशी.