परावर्तित प्रकाश आणि रंगाचे प्रामाण्य : एलियट पोर्टरची निसर्गछायाचित्रे

निसर्गाच्या रंगीत छायाचित्रावर घेतला जाणारा सर्वांत जुना आक्षेप असा, की त्यातील रंग कलावंताचा नसतोच. तो निसर्गाचा असतो किंवा फिल्म बनविणाऱ्या कारखान्याचा. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात रंगांचे करड्या छटांत रूपांतर होते व त्या रूपांतरातच कलावंताच्या निवडीला वाव मिळतो. रंगीत छायाचित्रात रूपांतर नाही, म्हणून कलाही नाही, असा हा युक्तिवाद आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने रंगीत छायाचित्रे घेतली असली तरी त्याची कीर्ती काळ्या-पांढऱ्या कामावरच उभी आहे, आणि रंगाविषयी तो दीर्घकाळ साशंक राहिला. एलियट पोर्टर (१९०१–१९९०) याचे कार्य या आक्षेपाची खरी कसोटी ठरते. रंग एकट्या वस्तूच्या अंगी नसतो. प्रकाश एका वस्तूवरून दुसरीवर जाताना जो संबंध जोडतो त्यातून तो उत्पन्न होतो, ही जाणीव त्याच्या उत्कृष्ट छायाचित्रांच्या मुळाशी आहे.

पोर्टर शिक्षणाने वैद्य. हार्वर्डमधून १९२९ साली वैद्यकाची पदवी घेऊन त्याने तेथेच काही वर्षे जीवरसायन व सूक्ष्मजंतुशास्त्र यांचे अध्यापन केले. स्टिग्लिट्झच्या न्यूयॉर्क येथील कलादालनात १९३८-३९ च्या हिवाळ्यात त्याची छायाचित्रे प्रदर्शित झाली, त्यानंतर त्याने अध्यापन सोडले. रंगाकडे तो वळला तो सौंदर्याच्या ओढीने नव्हे. त्याची काळी-पांढरी पक्षिचित्रे एका प्रकाशकाने नाकारली, कारण त्यांवरून पक्ष्याची जात ओळखणे कठीण जात होते. म्हणजे रंग आला तो ओळखीची खूण म्हणून. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयात १९४३ साली त्याच्या रंगीत पक्षिचित्रांचे प्रदर्शन झाले. (त्या संग्रहालयातील रंगीत छायाचित्रांचा इतिहास एगल्स्टनच्या १९७६ च्या प्रदर्शनापासून सांगण्याची जी प्रथा पडली आहे ती किती सैल आहे, हे येथे सहज लक्षात यावे.) तथापि या पक्षिचित्रांत एक उणीव जाणवते. ती कृत्रिम झोताच्या प्रकाशात घेतलेली आहेत. पिसाचा रंग अचूक आहे. पण त्या पिसावर कोणता आकाशभाग उजळला होता, भोवतालच्या पानांची हिरवी झाक त्यावर पडली होती की नाही, याचा पत्ता नाही. पक्षी ओळखता येतो, स्थळ ओळखता येत नाही.

निसर्गदृश्यांकडे वळल्यावर त्याने एक महत्त्वाचा त्याग केला. थेट सूर्यप्रकाश त्याने बव्हंशी वर्ज्य केला. याला तांत्रिक कारण होतेच. पारदर्शक रंगीत फिल्मची प्रकाश-छाया सामावून घेण्याची शक्ती मर्यादित असते. प्रखर उन्हात उजळ भाग पांढरे पडतात आणि सावल्या काळ्या होतात, दोन्हीकडे रंग हरपतो. ढगाळ आकाशाखाली किंवा सावलीत हे अंतर कमी होते. परंतु सावलीतील प्रकाश तटस्थ नसतो. तो निळ्या आकाशाकडून येतो, म्हणून निळसर असतो. मानवी दृष्टी त्याची सवय करून घेते व पांढऱ्याला पांढरेच म्हणते. फिल्मला ही सवय नसते. सामान्य छायाचित्रकार या निळाईला दोष समजून ती गाळकाच्या साहाय्याने काढून टाकतो. पोर्टरने तिला चित्राचा आशय केले. न्यू हॅम्पशायरमधील ओढ्याच्या डोहाचे ४ ऑक्टोबर १९५३ या दिवसाचे छायाचित्र पाहावे. पाण्यावर शरदातील गळलेली पाने आहेत आणि पाण्यात आकाश उतरले आहे. पानांचा पिवळा-तांबडा रंग डोळ्यांत भरतो तो त्याच्या स्वतःच्या तेजाने नव्हे, भोवतीच्या थंड निळाईमुळे. चौकटीत आकाश कोठेही नाही. तरी ते सर्वत्र आहे.

थोरोच्या उताऱ्यांसह सिएरा क्लबने १९६२ साली प्रकाशित केलेल्या ज्या ग्रंथाने पोर्टर घरोघर पोहोचला, त्यातील सर्वच चित्रे या उंचीची नाहीत. काही शरदचित्रे केवळ शोभिवंत आहेत. पानगळीचा रंग इतका तयार असतो की त्याच्यापुढे कॅमेरा धरणाऱ्याला करण्यासारखे फारसे उरत नाही. पोर्टरच्या अनुकर्त्यांनी नेमके हेच उचलले, आणि दिनदर्शिकांवरील निसर्ग जन्मास आला.

खरी परीक्षा ग्लेन कॅन्यन येथे झाली. कोलोरॅडो नदीवरील या खोऱ्यात पोर्टर प्रथम १९६० साली गेला व पुढे पुनःपुन्हा जात राहिला. येथील उभे कडे प्रामुख्याने वालुकाश्माचे. त्यांचा तांबूस वर्ण लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला. उपनद्यांच्या घळी काही ठिकाणी इतक्या अरुंद की तळाशी ऊन क्वचितच पोहोचते. ऊन पडते ते वरच्या कड्यावर. तेथून तांबूस होऊन ते समोरच्या कड्यावर येते, तेथे अधिक तांबूस होऊन खाली उतरते. जेथे हे परावर्तनही पोहोचत नाही तेथे वरच्या आकाशाच्या चिंचोळ्या पट्टीचाच प्रकाश असतो. तो दगड जांभळट दिसतो. कड्यांवर लोह व मँगनीज यांचा काळसर, तुकतुकीत लेप ओघळांप्रमाणे उतरलेला असतो. तो आरशासारखा आकाश परतवितो आणि तांबड्या भिंतीवर निळे पट्टे उमटतात. एकाच जातीच्या दगडाचे नारिंगी, जांभळे, निळे असे तीन रंग एका चौकटीत दिसतात, आणि तिन्ही खरे असतात. मोकी क्रीकच्या प्रवाहाचे २ सप्टेंबर १९६२ चे छायाचित्रही असेच. हिरवी प्रतिबिंबे असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. पाण्याला स्वतःचा हिरवा रंग नाही, तो काठावरून आलेला आहे.

शीर्षकांविषयी येथेच एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पोर्टर स्थळ आणि पुष्कळदा नेमकी तिथी देतो. एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळविलेल्या नमुन्याला चिठ्ठी लावावी तशी ही शीर्षके आहेत. अशा रंगाला तिथी लागतेच. तासाभराने तो नसतो.

यावर दुसरा आक्षेप संभवतो. पोर्टरचे मुद्रण डाय ट्रान्स्फर पद्धतीचे. मूळ पारदर्शिकेवरून लाल, हिरव्या व निळ्या गाळकांतून तीन नकारपट्ट्या घ्यायच्या, त्यांवरून जिलेटिनचे तीन उठाव करायचे, ते अनुक्रमे मोरपंखी निळ्या, किरमिजी व पिवळ्या रंगद्रव्यांत भिजवून एकाच कागदावर एकावर एक तंतोतंत उतरवायचे. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक रंग कमीअधिक करता येतो. मग या रंगाला पुरावा कसे मानावे? आक्षेप बिनतोड वाटतो. पण तो अर्धाच खरा आहे. रंगाची मात्रा मुद्रकाच्या हाती असते. रंगांची रचना त्याच्या हाती नसते. कोणता उतार आकाशाकडे वळलेला आहे व कोणता उन्हातील कड्याकडे, हे पोर्टरने ठरविलेले नाही. निळा आणि नारिंगी यांची सीमारेषा म्हणजे घळीच्या आकाराचाच आलेख होय. तो आलेख गडद किंवा फिकट छापता येईल, बदलता येणार नाही. तेव्हा पहिल्या आक्षेपात जे रूपांतर नाही म्हटले होते, ते येथे आहे, आणि तरीही ते मनमानी नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी मर्ढेकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम पोर्टरच्या चौकटींना आश्चर्यकारक रीतीने लागू पडतात. ऊबदार व थंड वर्णांचा विरोध आणि त्यातून साधलेला समतोल हेच त्यांचे वर्णन करता येईल. पण तेवढ्याने चित्र संपत नाही. शुद्ध संवेदनांच्या संबंधांपुरते पाहणाऱ्या समीक्षकाला ते संबंध एखाद्या चित्रकाराने कल्पिलेले असते तरी चालले असते. पोर्टरच्या चित्रात मात्र ही लयच त्या स्थळाची साक्ष आहे. लय आणि लौकिक आशय येथे एकमेकांपासून सोडविता येत नाहीत, आणि म्हणून केवळ आकारवादी समीक्षा येथे अपुरी पडते.

ही साक्ष पुढे किती मोलाची ठरली ते इतिहासावरून दिसते. ग्लेन कॅन्यन धरणाला १९५६ च्या कायद्याने मंजुरी मिळाली होती. इको पार्कचे धरण त्या योजनेतून वगळल्यावर सिएरा क्लबने विरोध मागे घेतला. जलाशय १९६३ साली भरू लागला, आणि त्याच वर्षी डेव्हिड ब्रॉवरच्या संपादनाखाली, कोणालाच ठाऊक नसलेले स्थळ अशा आशयाच्या नावाने, पोर्टरचा ग्रंथ निघाला. पॉवेल जलाशय १९८० साली प्रथम पूर्ण भरला. पुढे २००० नंतरच्या दीर्घ अवर्षणात पाणी उतरत गेले. २०२३ च्या आरंभी साठा क्षमतेच्या पाव भागाखाली आला होता. काही घळी पुन्हा उघड्या पडल्या, त्यांत प्रवाह वाहू लागले, झाडोरा परतला. परंतु जेथवर पाणी होते तेथवर कड्यांवर क्षारांचा पांढरा थर बसलेला आहे. तो काही ठिकाणी झडत आहे. जेथे आहे तेथे उन्हातील भिंत समोरच्या भिंतीवर पांढराच प्रकाश टाकते, नारिंगी नव्हे.